हृदयाचा प्रतिध्वनी : कानाकडून डोळ्याकडे

'टूडी एको' हा शब्दप्रयोग गेल्या दोन-तीन दशकांत मराठी घरांत स्थिरावला आहे. 'बाबांचा एको काढला', 'एको नॉर्मल आला' अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास या वाक्यांत एक गंमतशीर विसंगती दडलेली आहे. प्रतिध्वनी ऐकू येतो. तो 'काढता' येत नाही. 'काढणे' हे क्रियापद आपण छायाचित्राला लावतो. ध्वनी पाठवून चित्र मिळवण्याची जी करामत हे यंत्र करते, ती आपल्या बोलीने कोणत्याही व्याख्येवाचून अचूक टिपली आहे. 'टूडी' या उपपदातही इतिहास आहे, कारण हे चित्र एके काळी एकाच मितीचे होते. आम्ही भाषा-साहित्याचे अध्यापक. वैद्यकात आम्हांला अधिकार नाही आणि कुणाला उपचारांचा सल्ला देण्याचा येथे हेतूही नाही. तथापि या तंत्राची हकीकत वाचत गेलो तसतसे जाणवले, की हा मुळात अर्थनिर्णयाचा इतिहास आहे. अस्पष्ट खुणांची एक संहिता, तिचे पहिले चुकलेले वाचन आणि त्या वाचनाची दुरुस्ती, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणून हा प्रपंच.

जिवंत माणसाच्या छातीत काय चालले आहे हे जाणण्याचे साधन दीर्घकाळ कान हेच होते. व्हिएन्नाच्या लेओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजावरून निदान करण्याची रीत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप किती भरले आहे हे ठोकून पाहण्याची घरची सवय त्याच्या कामी आली, असे सांगितले जाते. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. ऐकलेल्या आवाजाचा अर्थ बरोबर की चूक, हे मात्र शवविच्छेदनानंतरच ठरे. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले, तेव्हा हृदयाची सावली दिसू लागली. पण सावलीत आकार दिसतो, आतल्या झडपा दिसत नाहीत. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली. त्या धाडसातून हृदयातील दाब मोजता येऊ लागले, परंतु त्यासाठी शरीरात शिरणे भाग होते.

१९४८ च्या जून महिन्यात प्रश्न निकडीचा झाला. अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन या दोघा शल्यविशारदांनी, काही दिवसांच्या अंतराने आणि स्वतंत्रपणे, आकसलेली द्विदल झडप धडधडत्या हृदयात बोट घालून रुंद केली. ही झडप डाव्या अलिंदातून डाव्या निलयाकडे जाणाऱ्या वाटेवर असते. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिज्वर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला ऱ्हुमॅटिक फीवर, झाला तर पुढे काही वर्षांनी तिच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात. रक्त मागे तुंबते, फुप्फुसे भरतात, जिना चढताना धाप लागते. चिकटलेल्या पाकळ्या सुट्या केल्या तर माणूस पुन्हा उभा राहतो. पण झडप अरुंद असण्याऐवजी गळकी असेल तर हीच शस्त्रक्रिया त्याला आणखी खोलात ढकलते. तेव्हा छाती उघडण्यापूर्वी नेमके काय आहे, हे कळलेच पाहिजे. ही जबाबदारी स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर या डॉक्टरांवर होती, आणि हाताशी असलेल्या साधनांवर ते समाधानी नव्हते.

एड्लरांनी एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारले, की रडारने हृदयाचा ठाव घेता येईल का? तो तरुण म्हणजे हेल्मुट हर्ट्झ. विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणारे हाइनरिख हर्ट्झ हे त्याचे चुलत आजोबा. वडील गुस्टाव्ह हर्ट्झ १९२५ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. ज्यू वंशाचे म्हणून नाझी राजवटीत वडिलांचे प्राध्यापकपद गेले आणि ते सीमेन्स कंपनीच्या संशोधनशाळेत गेले. मुलगा मात्र जर्मन सैन्यात भरती झाला, उत्तर आफ्रिकेत पकडला गेला आणि अमेरिकेत युद्धकैदी म्हणून राहिला. युद्ध संपल्यावर तो स्वीडनला आला. रडारने हे काम होणार नाही, पण श्राव्यातीत ध्वनीने होऊ शकेल, असे त्याचे उत्तर होते.

या ध्वनीची वंशावळही युद्धातूनच जाते. दाबले असता वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी त्याच गुणधर्माच्या आधारे पाण्याखालच्या पाणबुड्यांचा वेध घेण्याचे तंत्र घडवले. पुढे धातूतील अदृश्य भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत अशी यंत्रे आली. माल्मोच्या कोकम्स जहाजबांधणी कारखान्यात असे एक यंत्र होते. हर्ट्झने ते मागून घेतले, स्वतःच्या छातीला लावले आणि पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारी एक खूण पाहिली. वडिलांच्या जुन्या ऋणानुबंधामुळे सीमेन्सकडून असेच यंत्र उसने मिळाले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी एड्लर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचालींचे पहिले आलेखन केले आणि १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. शरीरातील मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. पाठवलेला स्पंद परत यायला किती वेळ लागला, यावरून तो किती खोलवर आदळला हे कळते. मात्र ध्वनीची शलाका एकच. दाराच्या एका फटीला डोळा लावून समोरून जाणाऱ्या मिरवणुकीचा अंदाज घ्यावा, तसा हा प्रकार होता. सरकत्या फिल्मवर वरखाली होणाऱ्या काही रेषा उमटत. या रेषेला 'हृदय' म्हणायचे तर ती हृदयाच्या कोणत्या भागाची, हे कोण सांगणार?

येथेच या इतिहासातील आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा प्रसंग घडतो. झडप आकसलेल्या रुग्णांत एक ठळक, वेगाने हलणारी रेषा निराळ्या तऱ्हेने हलते, हे एड्लरांना दिसले. ती डाव्या अलिंदाच्या पुढच्या भिंतीची असावी, असे त्यांनी मानले. निदान बरोबर येत होते. अर्थ मात्र चुकला होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी मरणासन्न रुग्णांच्या छातीवर शलाकेची जागा आणि दिशा खुणेने नोंदवली, आणि मृत्यूनंतर त्याच वाटेने टोकदार सळई आत घालून विच्छेदन केले. सळई द्विदल झडपेच्या पुढच्या पाकळीतून गेली होती. भिंत समजलेली रेषा ही खुद्द झडपच होती! निरोगी पाकळी उघडून झर्रकन मागे येते, आकसलेली रेंगाळते. त्या रेषेच्या उतारावरून आजार किती वाढला आहे हे सांगता येऊ लागले. जिवंतांना न दुखावता पाहणाऱ्या या विद्येचा पाया ज्यांच्या देहांनी रचला, त्या रुग्णांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत.

जगाने या शोधाकडे लगेच लक्ष दिले असे नाही. अमेरिकेत हार्वी फायगेनबॉम यांनी १९६३ च्या सुमारास मेंदूविकार विभागात पडून असलेले एक यंत्र हृदयासाठी वापरून पाहिले. हृदयाभोवतीच्या आवरणात साचलेले पाणी त्यांनी या रीतीने ओळखले आणि १९६५ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना हे काम शिकवून त्यांनी विद्येचा विस्तार केला. त्यानंतरचा काळ वेगाचा आहे. रॉटरडॅमच्या निकोलास बॉम यांनी १९७१ च्या सुमारास अनेक स्फटिकांची ओळ लावून हृदयाचा हलता छेद दाखवला, आणि आपला 'टूडी' अवतरला. ख्रिस्तिआन डॉप्लरचे १८४२ सालचे तत्त्व वापरून रक्ताचा वेगही मोजता येऊ लागला. नॉर्वेच्या लिव्ह हाट्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की अरुंद झडपेतून जाणाऱ्या झोताच्या वेगाचा वर्ग करून चारने गुणले की दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मिळतो. झोत सेकंदाला ४ मीटर असेल तर फरक ६४ मिलिमीटर पारा. फोर्समानची नळी आत न घालताच दाब कळला. ऐंशीच्या दशकात जपानी संशोधकांनी या प्रवाहाला रंग दिले. आज हृदयाचा पंप किती जोराने चालतो, झटक्यानंतर कोणती भिंत हलेनाशी झाली, बाळाच्या हृदयात छिद्र आहे का, झडप गळते की आकसते, हे खाटेशेजारी अर्ध्या तासात सांगता येते. एड्लर आणि हर्ट्झ यांना १९७७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. नोबेल मिळाले नाही.

त्या रंगांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पडद्यावरचा लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः लाल म्हणजे यंत्राकडे येणारा प्रवाह, निळा म्हणजे दूर जाणारा. हा केवळ संकेत आहे, आणि संकेत ठाऊक नसेल तर डोळ्यांसमोर असलेलेही चुकीचे वाचले जाते. कोणतीही संहिता शिकवताना आम्हांला हाच अनुभव येतो.

पाहण्याची ही शक्ती निरागस राहिली नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. याच ध्वनिलहरींनी गर्भाचे लिंग पाहून मुली नाकारल्या गेल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. काय दिसते याइतकाच, आपण कशासाठी पाहतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

म्हणूनच या इतिहासाचे अलीकडचे प्रकरण आम्हांला मोलाचे वाटते. ज्या आजारासाठी एड्लरांनी हा खटाटोप केला, तो त्यांच्या देशातून जवळजवळ नाहीसा झाला. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या, वेळेवर औषध न मिळणाऱ्या मुलांत तो भारतात आणि आफ्रिकेत टिकून राहिला. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कानाने तपासता दोन्हीकडे हजारी सुमारे २ मुले सापडली होती. एकोने तपासता कंबोडियात हजारी सुमारे २१ आणि मोझांबिकमध्ये ३० सापडली. लगेच शंका निघाली : धाप नाही, तक्रार नाही, केवळ पडद्यावर दिसते म्हणून मुलाला रोगी म्हणावे काय? शंका रास्त होती. तिचे उत्तर युगांडातून २०२१ मध्ये आले. अशा ८०० च्या आसपास मुलांपैकी निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. दोन वर्षांत आजार वाढला तो इंजेक्शन घेणाऱ्या ३९९ पैकी ३ मुलांत, आणि न घेणाऱ्या ४०० पैकी ३३ मुलांत.

यंत्र आता खिशात मावण्याइतके लहान झाले आहे आणि युगांडात परिचारिकाही ते चालवायला शिकल्या आहेत. आपल्याकडे झडप पूर्ण आकसून मूल धापा टाकू लागेपर्यंत त्याला कुणी पाहिलेलेच नसते, अशी उदाहरणे आजही घडतात. ध्वनी पाठवला की तो परत येतोच. त्याच्यासाठी थांबणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि पुढच्या महिन्याचे इंजेक्शन चुकणार नाही हे पाहणारा माणूस गावात हवा. एड्लरांची सत्तर वर्षांपूर्वीची रेषा अजून तेथवर पोहोचायची आहे.