घाटमाथ्यावरील वारसा

स्त्रियांच्या कायदेशीर समतेचा इतिहास सांगतांना बहुधा परिषदांचे ठराव, पुढाऱ्यांचीं भाषणें आणि कायद्यांच्या तारखा सांगण्यांत येतात. त्या सांगाव्या हें योग्यच. परंतु तोच इतिहास वाचकांनीं इगतपुरीसारख्या तालुक्याच्या बांधावर उभें राहून पाहावा, अशी आमची विनंति आहे. पावसाळ्यांत येथें भाताची आवणी होते, आणि चिखलांत दिवसभर वाकून ती करणाऱ्यांत बायांचाच भरणा अधिक असतो. ज्या जमिनींत त्या रोप लावतात, तिच्या उताऱ्यावर त्यांचें नांव केव्हां आलें, ह्या एकाच प्रश्नानें आम्ही कायद्याची परीक्षा करूं इच्छितों.

जुन्या धर्मशास्त्रापासून आरंभ करूं. थळ घाटाखालीं उत्तर कोंकणांत नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखास प्रथम मान. घाटावर देशांत विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेस. मुंबई इलाख्यांत ह्या ग्रंथांचा जो अर्थ न्यायालयांनीं केला, तो कन्येस कांहींसा अनुकूल होता. बापाचा वारसा तिजकडे आलाच, तर तो पूर्ण मालकीनें येई. इतर प्रांतांत तो सामान्यतः तिच्या हयातीपुरताच असे. पण मुलगा, नातू, पणतू आणि विधवा, ह्यांपैकीं कोणी नसेल तेव्हांच तिची पाळी.

सन १८५६ च्या कायद्यानें हिंदु विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानें, पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क गेला. ज्या जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती, त्यांतील स्त्रियांस ह्या मोकळिकीची गरजच नव्हती. तरीहि ही जप्ती त्यांनाहि लागू आहे, असें मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरविलें. अलाहाबादच्या हायकोर्टाचें मत उलट होतें. पांढरपेशा विधवेकरितां झालेल्या सुधारणेची किंमत अशा रीतीनें कष्टकरी विधवेनें दिली.

पुढील मोठा टप्पा सन १९३७ चा. मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गोपाळराव देशमुख ह्यांच्या खटपटीनें झालेल्या कायद्यानें विधवेस मुलाइतका वांटा मिळाला. मात्र तो हयातीपुरता, आणि मुलीस त्यांत स्थान नव्हतें. सन १९४१ मध्यें फेडरल कोर्टानें निर्णय दिला कीं, प्रांतांतील शेतजमिनीस हा कायदा लागूच नाहीं. खेड्यांत शेतीवांचून दुसरी मिळकत ती कोणती? मुंबई प्रांतानें १९४२ मध्यें निराळा कायदा करून ती उणीव भरून काढली.

डॉ. आंबेडकरांनीं हिंदु कोड बिल रखडल्यामुळें सप्टेंबर १९५१ मध्यें मंत्रिपद सोडलें, हें सर्वश्रुत आहे. सन १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलगी प्रथम श्रेणीची वारस झाली, व स्त्रीची हयातीपुरती मिळकत पूर्ण मालकीची झाली. तरी वडिलोपार्जित एकत्र मिळकतींतील जन्मसिद्ध हक्क मुलांकडेच राहिला.

नोव्हेंबर १९८६ मध्यें ह्याच नाशिक जिल्ह्यांत चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें. पुढें शरद जोशी ह्यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची चळवळ चालविली; शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग राजीखुषीनें पत्नीच्या नांवें करावा, असा तिचा आग्रह होता. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीस जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या. तो भेद ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें गेला. आणि त्या दिवशीं बाप हयात असण्याची अट नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें.

इतकें झालें तरी इगतपुरीचा प्रश्न पुरा सुटत नाहीं. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची येथें मोठी वस्ती आहे; आणि केंद्र सरकारनें तसें खास जाहीर केल्याशिवाय १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींस लागू होत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें पतिपत्नींच्या संयुक्त नांवें हक्क देण्याचें ठरविलें, हें मोठें पाऊल होय. १७ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें छत्तीसगडच्या एका गोंड स्त्रीच्या वारसांस तिच्या बापाच्या मिळकतींत समान वांटा दिला. स्त्रीस वगळणारी रूढि सिद्ध झाली नसतां तिला वगळणें समतेस सोडून आहे, असें त्या निकालाचें तात्पर्य.

ह्या सर्व टप्प्यांत एक गोष्ट आम्हांस वारंवार दिसते. प्रत्येक कायद्यानें कोणास तरी दाराबाहेर ठेवलें. कधीं पाटाची बायको, कधीं शेतजमीन, कधीं लग्न झालेली लेक, कधीं आदिवासी स्त्री. पुढच्या पिढीस तें दार पुन्हां ठोठवावें लागलें. आतां कायद्याचीं दारें बहुतेक उघडलीं, तेव्हां घरांतलें दार लागतें आहे. बाप वारल्यावर बहिणीपुढें हक्कसोडपत्र येतें, आणि माहेर तुटूं नये म्हणून ती सही करते. समृद्धि महामार्गासारख्या कामांनीं इगतपुरीकडील जमिनीस मोल आलें आहे, आणि संपादनाचा मोबदला सातबाऱ्यावर नांव असणारास मिळतो. म्हणून त्या सहीची किंमत पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक आहे. बहिणीनें हक्क सोडूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तिनें तो काय आहे हें जाणून, आणि नाहीं म्हणण्याची मोकळीक असतां सोडावा, एवढेंच आमचें म्हणणें. ही मोकळीक कोणतेंहि विधिमंडळ मंजूर करूं शकत नाहीं. ती भावांनींच द्यावयाची आहे.