पहिली शर्यत आणि नववे दार

बीडहून सोलापूरकडे निघाले की थोड्याच अंतरावर पाली लागते. डोंगरांच्या कुशीत बिंदुसरेचे धरण आहे आणि पावसाळा चांगला झाला की तलावाचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. काही दिवसांपूर्वी या तलावाच्या काठी काही मुलांसमवेत बसलो असता, फार उंचावरून एक विमान मागे पांढरी रेघ ओढीत निघून गेले. सातवी-आठवीतील एका मुलीने माझ्याकडे वळून विचारले, "फादर, ते विमान बाई चालवत असंल का?" मी म्हणालो, "असू शकेल." तिने लगेच दुसरा प्रश्न केला, "मग पहिल्यांदा बाईला विमान कुणी चालवू दिलं?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. इतिहासाची पुस्तके पहिले कोण, याची नोंद आवर्जून ठेवतात; परंतु त्या पहिल्या व्यक्तीला दार कोणी उघडून दिले, किती दारांवर तिला थाप मारावी लागली, हे मात्र बहुधा त्यात नसते. त्या मुलीच्या प्रश्नाचा मागोवा घेताना मी प्रथम अमेरिकेत १९२९ साली झालेल्या एका शर्यतीपाशी जाऊन पोहोचलो आणि तेथून फिरून पुन्हा आपल्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीत आलो. तो प्रवास वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९२९ च्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅन्टा मोनिका येथून ओहायो राज्यातील क्लीव्हलंडपर्यंत केवळ स्त्री-वैमानिकांची हवाई शर्यत आयोजित करण्यात आली. अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर, कालावधी नऊ दिवसांचा. अमेरिकेतील स्त्रियांची अशी ही पहिलीच देशव्यापी शर्यत असल्याने तीत उतरलेली प्रत्येक वैमानिक या प्रकारात नवखीच होती. त्या काळची विमाने बहुतांशी उघड्या बैठकीची, लाकूड आणि कापडाच्या पंखांची असत. रेडिओ नव्हता. मांडीवर नकाशा ठेवायचा, खाली रेल्वेचे रूळ अथवा नदीचे पात्र शोधायचे आणि त्याच्या आधाराने पुढे जायचे, अशी रीत होती. वाळवंटावरून उडताना उन्हाने होरपळून निघावे लागे आणि इंजिनाचे तेल चेहऱ्यावर उडत राही.

शर्यतीत भाग घेण्यासाठी एकटीने किमान शंभर तास विमान चालविलेले असावे, अशी अट होती. ती वाजवीच म्हणावी लागेल. परंतु आयोजकांपैकी काहींना एवढ्याने समाधान वाटेना. स्त्रियांना रॉकी पर्वत ओलांडण्याचा धोका नको, म्हणून शर्यत अलीकडच्या सपाट प्रदेशातून सुरू करावी, किंवा प्रत्येकीने सोबत एक पुरुष मार्गदर्शक घ्यावा, अशा सूचना पुढे आल्या. अमेलिया इअरहार्ट आणि तिच्या सहकारी वैमानिकांनी साफ सांगितले की, अशी सोपी केलेली शर्यत आम्हांला नको. तसे झाल्यास आम्ही भागच घेणार नाही. सूचना मागे घ्याव्या लागल्या. मापच बदलून दिले तर जिंकण्यास अर्थ उरत नाही, हे त्या तरुण स्त्रियांना पुरते ठाऊक होते.

१८ ऑगस्ट रोजी शर्यत सुरू झाली. एकूण वीस जणींनी तीत भाग घेतला. विल रॉजर्स या सुप्रसिद्ध विनोदकाराने तिला 'पावडर पफ डर्बी', म्हणजे तोंडाला पावडर लावणाऱ्या बायकांची शर्यत, असे नाव देऊन टाकले आणि वृत्तपत्रांनी ते आनंदाने उचलले. परंतु दुसऱ्याच दिवशी हसण्याचा विषय संपला. मार्व्हल क्रॉसन ही अलास्कात नाव मिळवलेली वैमानिक, जिने त्याच वर्षी स्त्रियांमध्ये उंच उड्डाणाचा विक्रम केला होता, ॲरिझोनाच्या डोंगराळ भागात विमान कोसळून मरण पावली. तिचे हवाई छत्र पुरते उघडलेच नव्हते.

ताबडतोब मागणी झाली की, ही शर्यत बंद करा. बायकांना विमान चालविता येत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या काळात विमान कोसळून मरण पावणारे पुरुष थोडे नव्हते. तथापि त्यांच्यापैकी एखाद्याच्या मृत्यूवरून पुरुषांना विमान चालविता येत नाही, असा निष्कर्ष कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. पुरुष पडला की विमान पडले. स्त्री पडली की सगळी स्त्रीजात पडली. पहिल्यांदा एखाद्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या माणसावर हे दुहेरी ओझे असते. आपल्या समाजातही, घराण्यात प्रथम शिकणाऱ्या मुलाला वा मुलीला ते वाहावे लागते, हे आपण पाहत आलो आहोत.

मार्व्हलच्या मैत्रिणींनी दुःख गिळून पुढे जाण्याचा निर्णय घेतला. आपण येथेच थांबलो तर मार्व्हलचा मृत्यू आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून कायमचा वापरला जाईल, ही त्यांची भावना होती. पुढील प्रवासही सुखाचा नव्हता. ब्लांश नॉइज हिच्या विमानात आकाशात असतानाच आग लागली. तिने टेक्सासच्या झुडपी माळावर विमान उतरविले, आग विझविली आणि मोडके-तोडके विमान घेऊन पुन्हा उड्डाण केले. पँचो बार्न्स हिचे विमान उतरताना एका मोटारगाडीवर आदळले. मार्गारेट पेरी विषमज्वराने आजारी पडली. रूथ निकल्स हिचे विमान अखेरच्या टप्प्यापूर्वी कोलंबस येथे उलटले. स्वतः लुईज थेडन, जी अखेरीस विजयी झाली, ती शर्यतीपूर्वी विमान घेऊन येत असताना इंजिनाच्या विषारी वायूने जवळजवळ बेशुद्ध पडली होती. त्यावर उपाय म्हणून बाहेरची हवा तिच्या तोंडापर्यंत आणणारी एक नळी विमानात बसवावी लागली.

२६ ऑगस्ट रोजी लुईज थेडन क्लीव्हलंडला पहिली पोहोचली. प्रत्यक्ष उड्डाणाचा तिचा एकूण वेळ सुमारे २० तास १९ मिनिटे होता. तिच्या गळ्यात गुलाबांचा भला मोठा हार घालण्यात आला; परंतु काटे टोचू लागल्याने तो विमानाला घालावा लागला, असे सांगतात. ग्लॅडिस ओ'डॉनेल, जी त्याच वर्षी विमान चालविण्यास शिकली होती, दुसरी आली आणि जगप्रसिद्ध अमेलिया तिसरी. लहान विमानांच्या गटात फीबी ओम्ली विजयी ठरली. निघालेल्या वीस जणींपैकी पंधरा जणींनी शर्यत पूर्ण केली. माझ्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाहून हा पंधराचा आकडा अधिक बोलका आहे. एकटी लुईज पोहोचली असती तर लोकांनी तिला अपवाद म्हटले असते. पंधरा जणींना अपवाद कसे म्हणणार?

त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कजवळील एका विमानतळावर या आणि इतर स्त्री-वैमानिक एकत्र आल्या. देशातील ११७ परवानाधारक स्त्रियांना त्यांनी निमंत्रण धाडले होते. त्यांपैकी ९९ जणींनी संस्थापक सदस्यत्व स्वीकारले, म्हणून संघटनेचे नाव पडले 'नाइन्टी-नाइन्स'. अमेलिया इअरहार्ट १९३१ साली तिची पहिली अध्यक्ष झाली.

कथा येथेच संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु इतिहास एवढा सरळ चालत नाही. १९३३ साली शिकागो येथील एका शर्यतीत फ्लॉरेन्स क्लिंगनस्मिथ ही वैमानिक मरण पावली आणि पुढील वर्षी क्लीव्हलंडच्या राष्ट्रीय शर्यतींची दारे स्त्रियांना बंद करण्यात आली. १९३५ साली बेन्डिक्स ही देशातील अत्यंत मानाची शर्यत त्यांना खुली झाली. १९३६ साली न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस या मार्गावर ती झाली, तेव्हा प्रथम पोहोचणाऱ्या स्त्रीसाठी आयोजकांनी अडीच हजार डॉलरचे वेगळे बक्षीस ठेवले होते. स्त्री पहिली येणार नाही, तेव्हा तिला उत्तेजनार्थ काही द्यावे, हाच त्यामागील हिशेब असावा. लुईज थेडन आणि ब्लांश नॉइज यांनी पुरुषांना मागे टाकून ती शर्यतच जिंकली आणि साडेचार हजारांच्या मुख्य बक्षिसाबरोबर ते उत्तेजनार्थ बक्षीसही घरी नेले. दुसरा क्रमांकही लॉरा इंगल्स या स्त्रीनेच पटकावला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. शर्यत जिंकणे ही एक गोष्ट. परंतु प्रवाशांनी भरलेले विमान तुमच्या हाती सोपविणे ही निराळीच. हेलन रिची हिला १९३४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका विमान कंपनीने नोकरीत घेतले. तिचे कौशल्य वादातीत होते. तथापि वैमानिकांच्या संघटनेने तिला सदस्यत्व नाकारले, तिला मोजकीच उड्डाणे मिळू लागली आणि एका वर्षाच्या आत तिला राजीनामा द्यावा लागला. शर्यतीच्या मैदानात टाळ्या वाजविणारा समाज तिला नोकरीच्या दारात मात्र अडवून धरीत होता.

हिंदुस्थानातही काही वेगळे घडले नाही. मुंबईत जुहू येथे १९२८ साली फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि आपल्याकडील सुखवस्तू घरांतील तरुण विमान शिकू लागले. १९३६ साली लाहोर येथे सरला ठकराल या २१ वर्षांच्या विवाहितेने, एका चार वर्षांच्या मुलीच्या आईने, साडी नेसून जिप्सी मॉथ विमानातून एकटीने उड्डाण केले. परंतु १९३९ साली पती विमान अपघातात वारले, त्यातच महायुद्ध सुरू झाल्याने तिचे व्यावसायिक परवान्यासाठीचे शिक्षण थांबले, आणि पुढे फाळणीनंतर दिल्लीत येऊन तिने चित्रकलेच्या व कलाकुसरीच्या आधारे आयुष्य उभे केले.

यानंतरचे नाव प्रेम माथुर यांचे. अलाहाबादला विमान शिकून त्यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळविला. मग नोकरीसाठी अर्ज धाडले. आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला, असे सांगितले जाते. विमान स्त्री चालवीत आहे हे कळले तर प्रवासी घाबरतील, हे कारण! अखेर त्यांना घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या कंपनीने. ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली होती आणि १९५३ साली राष्ट्रीयीकरणात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. वाचकांना आठवण करून द्यावयास हवी की, या संपूर्ण काळात आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे देशातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-वैमानिकाला नववे दार उघडून मिळाले ते आपल्याच जुन्या राजधानीत. ज्या बीड शहरात आगगाडी येण्यास २०२५ साल उजाडावे लागले, तेथील लोकांनी या गोष्टीचा थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

१९४९ साली प्रेम माथुर राष्ट्रीय हवाई शर्यतीत उतरल्या आणि पुरुष स्पर्धकांना मागे टाकून त्यांनी ती जिंकली. असे असूनही विमानाची मुख्य सूत्रे त्यांच्या हाती देण्यास कंपनी तयार झाली नाही. त्यांना सहवैमानिकाच्या आसनावरच बसावे लागले. नववे दार उघडले होते खरे, परंतु आतील खोलीचे दार अद्याप बंदच होते.

ते उघडण्यास आणखी साडेतीन दशके लागली. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान केवळ स्त्रियांनी चालविले. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख, आपल्या मराठी भाषेच्या कन्या, आणि त्यांच्या सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. याच निवेदिता भसीन १ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, मुंबई-औरंगाबाद-उदयपूर या मार्गावरील जेट विमानाच्या कॅप्टन म्हणून निघाल्या. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, पालीपासून फार दूर नाही. आज भारतातील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे.

अमेरिकेतील त्या शर्यतीची परंपरा मध्यंतरी खंडित झाली, परंतु युद्धानंतर १९४७ ते १९७७ या काळात ती पुन्हा चालू राहिली. त्या वैमानिकांनी 'पावडर पफ डर्बी' हे टिंगलीचे नावच स्वखुशीने धारण केले. १९७७ पासून 'एअर रेस क्लासिक' ही शर्यत तिचा वारसा चालवीत आहे. तीत प्रत्येक विमान आपल्या स्वतःच्या ठरवून दिलेल्या वेगाशी स्पर्धा करते. त्यामुळे एखादे जुने, संथ विमान सर्वांत शेवटी उतरूनही पहिले ठरू शकते. प्रथमच उतरणाऱ्या नवख्या वैमानिकांना जुनी, अनुभवी स्पर्धक आईसारखी मार्गदर्शन करते. १९२९ साली त्या वीस जणींना असा हात देणारे कोणी नव्हते. त्यांच्या लेकी-नातींनी ती व्यवस्था उभी केली.

पुढच्या रविवारी ती मुलगी पुन्हा भेटली, तेव्हा मी तिला हे सारे थोडक्यात सांगितले. आठ ठिकाणी नकार मिळाला, हे ऐकून ती गप्प झाली. मग तिने विचारले, "आठव्या नकारानंतर त्या घरी का गेल्या नाहीत, फादर?" याही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी तिला एवढेच सांगितले की, त्या घरी गेल्या असत्या तर तलावाच्या काठी तुला तो पहिला प्रश्न कदाचित सुचलाच नसता.