सूर्यफुले आणि त्यांना जपणारी भावजय



फुले आपल्या रोजच्या परिचयाची. देवाला वाहावी, वेणीत माळावी, दाराला तोरण करून बांधावी. पण नुसत्या फुलांचे चित्र थोर म्हणावे काय? युरोपात १७व्या शतकापासून पंडितांचे मत असे की, पुराणातल्या व इतिहासातल्या प्रसंगांची चित्रे श्रेष्ठ. फळेफुले, भांडीकुंडी यांची स्थिरचित्रे सर्वांत खालच्या पायरीची. माझ्यासारख्या सातवी शिकून घरसंसारात रमलेल्या बाईला हे वाचून थोडे लागलेच.

फुलांना वरच्या पायरीवर नेण्यात व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराचा वाटा मोठा. १८८६ साली तो पॅरिसला आला. माणसे समोर बसवायची तर त्यांना पैसे द्यावे लागत. ते जवळ नसत. म्हणून त्याने फुले रंगविली. तेथे मोने आदी दृक्प्रत्ययवादी चित्रकार डोळ्यांना क्षणभर दिसणारा उजेड टिपीत. व्हॅन गॉग, गोगँ, सेझान यांचे तेवढ्याने समाधान होईना. वस्तूची घडण व मनातला भावही रंगांत उतरावा, असे त्यांना वाटे. १९१० सालच्या लंडनमधील प्रदर्शनापासून या मंडळींना उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणू लागले.

१८८८ च्या ऑगस्टात, फ्रान्सच्या दक्षिणेस आर्ल गावी, मित्र गोगँ राहायला येणार म्हणून व्हिन्सेंटने घर सजविण्यासाठी सूर्यफुले रंगविली. फुले लवकर सुकतात, म्हणून तो सूर्योदयापासून कामाला लागे. पिवळ्या भिंतीपुढे, पिवळ्या भांड्यात, पिवळीच फुले! काही टवटवीत, काही पाकळ्या गळून बियांवर आलेली.

जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला. त्याला पैसे पुरविणारा धाकटा भाऊ थिओ सहा महिन्यांनी गेला. मागे राहिली थिओची पत्नी योहाना. वय अवघे २८, कडेवर वर्षाचे मूल आणि घरभर दिराची न खपलेली चित्रे! ती हॉलंडला परतली. ब्युसुम गावी पैसे घेऊन पाहुणे ठेवी, भाषांतरे करी. पण चित्रे तिने टाकली नाहीत. १९०५ साली ॲमस्टरडॅमला साडेचारशेहून अधिक चित्रे व रेखाटने लोकांपुढे मांडली. दिराच्या बिनतारखेच्या पत्रांचा क्रम लावून १९१४ साली ती छापली. १९२४ साली लंडनच्या राष्ट्रीय संग्रहासाठी सूर्यफुलांची मागणी आली. तीस वर्षांहून अधिक काळ रोज पाहिलेले चित्र! आधी तिने नकार दिला. मग दिराचे नाव व्हावे म्हणून दिले. पुढच्याच वर्षी ती वारली. चित्र आजही लंडनला आहे.

आपल्याही ट्रंकांत सासूबाईंचे भरतकाम, आजीच्या ओव्यांची वही असेल. ती काढून झटकावी, मागे नाव व साल लिहावे. आपण नाही लिहिले, तर मग कोण लिहिणार?