जत्रेतली जडीबुटी आणि कर्व्यांची उत्तरं

महाशिवरात्रीच्या जत्रेत कुणकेश्वरला खाज्याची आणि खेळण्यांची दुकानं संपली की कडेला जडीबुटीवाले चादरी पसरून बसायचे. मुळ्या, शिलाजिताचे काळे खडे, बाटल्यांतलं तेल. भोवती घोळका फक्त पुरुषांचा. या पट्ट्यात मी आरोग्य सेवक होतो. त्या घोळक्यातले बरेच चेहरे ओळखीचे असत. मला बघितलं की माना फिरवत.

चादरीवर खरी विकली जायची ती भीती. तरुणपणी वीर्य घालवलंस, म्हणून आता ताठरता येत नाही. लिंग ताठ होतं ते रक्त भरून, त्याचा साठवलेल्या वीर्याशी संबंध नाही, हे तिथे कुणी सांगतच नसे.

ही भीती खोटी आहे, हे आपल्याच कोकण किनाऱ्यावरच्या, दापोलीजवळच्या मुरुडच्या एका माणसाने फार आधी सांगितलं होतं. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म 1882, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजची नोकरी सुटली. जुलै 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. घरात, वैद्याकडे, मित्रांत जे विचारता येत नसे ते वाचक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हे त्या काळी छापणं म्हणजे धाडसच. अशाच उत्तरांवरून 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली: लोक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. खटला हरले, 200 रुपये दंड झाला. कर्वे थांबले नाहीत; 1953 मध्ये गेले तोवर मासिक निघत राहिलं. या माणसाचे आपल्यावर फार उपकार आहेत.

पुढच्याच वर्षी, 1954 साली, चादरीवरच्या असल्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आला. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’च्या जाहिराती मात्र पुसल्या गेल्या नाहीत.

1970 मध्ये अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने अशा तक्रारींवर गोळीशिवायची उपचारपद्धत पुस्तकात मांडली. सुरुवातीला नवरा-बायकोला संभोगाची बंदी, फक्त एकमेकांना स्पर्श करायचा. परीक्षा नाही म्हटल्यावर धास्ती उतरते. ताठरतेची निळी गोळी आली ती 1998 साली.

माझ्याकडे ही तक्रार घेऊन कुणी आला की दार लोटून हळूच म्हणायचा, “भाऊ, माका एक इचारूचा आसा.” मी आधी विचारायचो, पहाटे ताठरता येते का? येत असेल तर बहुधा मनाचा ताण. येत नसेल तर साखर आणि रक्तदाब तपासायला पाठवायचो, कारण लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक. आत काही बिघडत असलं तर कधीकधी पहिली वर्दी तिथूनच मिळते. मग तंबाखू आणि विडी बंद, दारू कमी, रोज पुळणीवरून भरभर चालणं, पुरेशी झोप. लघवी अडवताना आवळतात ते स्नायू दिवसातून काही वेळा आवळून सोडायचे. सोपं आहे, पण महिनोन् महिने करावं लागतं. आणि पुढच्या खेपेला बायकोला सोबत आण, हेही सांगायचो. बायका यायच्या, आणि नवऱ्यापेक्षा मोकळेपणाने बोलायच्या. कित्येकींना वाटत असे, आता आपण त्याला आवडत नाही. तो मात्र लाजेने दूर झोपत असे.