बघ्यांचा परिणाम

बघ्यांचा परिणाम ही सामाजिक मानसशास्त्रातील एक संकल्पना आहे. संकटप्रसंगी उपस्थितांची संख्या वाढते तशी त्यांपैकी प्रत्येकाने स्वतः मदतीस पुढे होण्याची शक्यता कमी होते, असे ती सांगते. इंग्रजीत ही संकल्पना बायस्टँडर इफेक्ट या नावाने ओळखली जाते.

उगम

१३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या झाली. अडतीस शेजाऱ्यांनी हा प्रकार पाहूनही मदत केली नाही, असे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने दिले. हे वर्णन अतिरंजित असल्याचे पुढे स्पष्ट झाले. तथापि त्यातूनच जॉन डार्ली व बिब लाताने यांच्या संशोधनास चालना मिळाली.

१९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थी स्वतंत्र खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेद्वारे संभाषण करीत. त्यांपैकी एकास अपस्माराचा झटका आल्याचे भासवण्यात आले. आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वी मदतीस निघाले. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

कारणे

१. जबाबदारीची विभागणी : 'दुसरे कोणीतरी करील' असे प्रत्येकास वाटते.
२. सामूहिक अज्ञान : इतर शांत आहेत, त्याअर्थी गंभीर काही नसावे, असा समज होतो.
३. मूल्यमापनाची भीती : आपला अंदाज चुकल्यास हसे होईल, अशी धास्ती वाटते.

मदतीच्या पाच पायऱ्या

लाताने व डार्ली यांच्या मते मदत करण्यापूर्वी व्यक्ती पाच पायऱ्या चढते : घटना लक्षात येणे, ती संकट आहे हे ओळखणे, जबाबदारी स्वीकारणे, काय करावे हे ठाऊक असणे आणि प्रत्यक्ष कृती करणे. यांपैकी कोणत्याही पायरीवर मदत अडू शकते.

मच्छीमार नगरातील घटना

मुंबईतील कफ परेड येथील मच्छीमार नगर ही समुद्रालगतची मासेमारांची वसाहत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा सशस्त्र हल्लेखोर रबरी होडीतून येथील बधवार पार्कजवळच्या किनाऱ्यावर आले. पुढील हल्ल्यांत १६६ जणांचा मृत्यू झाला.

हे अनोळखी तरुण रहिवाशांच्या नजरेतून सुटले नाहीत. त्यांना हटकण्यात आले, त्यांची विचारपूसही झाली. परंतु त्यांनी उडवाउडवीची उत्तरे दिली. रहिवाशांच्या साक्षी पुढे तपासात व खटल्यात नोंदवल्या गेल्या. वरील पायऱ्यांच्या आधारे पाहता, येथे घटना लक्षात आली होती आणि विचारणा करण्याची जबाबदारीही स्वीकारली गेली होती. मात्र पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण म्हणजे संकट, हा अर्थ त्या क्षणी उघड नव्हता. त्यामुळे ही घटना बघ्यांच्या उदासीनतेचे उदाहरण ठरत नाही. सजग माणसालाही प्रसंगाच्या संदिग्धतेमुळे संकट ओळखता येत नाही, हे तिच्यावरून दिसते. एकमेकांना ओळखणाऱ्या वस्तीत परका माणूस चटकन लक्षात येतो, हेही तीतून स्पष्ट होते.

या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेत मासेमारांचा सहभाग वाढवण्यात आला. संशयास्पद हालचाल दिसल्यास कोणास कळवावे हे आधीच ठाऊक असणे, ही चौथी पायरी त्यामुळे सुकर होते.

मर्यादा व उपाय

प्रसंग उघडपणे धोकादायक असेल तर हा परिणाम क्षीण होतो, असे २०११ मधील एका व्यापक विश्लेषणात आढळले. ॲम्स्टरडॅम, केप टाउन व लँकेस्टर या शहरांतील २१९ सार्वजनिक भांडणांच्या कॅमेरा-चित्रणाच्या अभ्यासात, दहापैकी सुमारे नऊ प्रसंगी किमान एक उपस्थित व्यक्ती मध्ये पडली होती.

गर्दीत 'कोणीतरी मदत करा' असे म्हणण्याऐवजी एकाच व्यक्तीकडे निर्देश करून नेमके काम सांगितल्यास जबाबदारीची विभागणी टळते. भारतात पोलीस चौकशीच्या भीतीमुळेही लोक अपघातग्रस्तांना मदत करण्यास कचरतात. त्यामुळे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यांस कायदेशीर संरक्षण दिले आहे.