पोढीवरचा चतुर

मळवली स्टेशनावर उतरून भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढल्या, की आपण थेट चैत्यगृहापुढे जाऊन उभे राहतो. पाण्याच्या टाक्यांकडे सहसा कोणी बघत नाही. त्यातल्या एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी दान दिली, एवढंच तो सांगतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या पिण्याच्या पाण्याची ही सोय झाली. तीच एका चतुराच्याही कामी आली.

हा चतुर चटकन दिसत नाही. लाल, पिवळे चतुर गवताच्या शेंड्यावर बसून मिरवतात; हा पंख पसरून उभ्या कातळाला चिकटतो. अंगावर करड्या-काळ्या ठिपक्यांची नक्षी अशी, की उडाला तरच कळावं. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रांब्यूर यांनी 1842 मध्ये त्याचं वर्णन केलं. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. (कोकणातल्या सड्यांवरचा त्याचा भाऊबंद मात्र 2020 पर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हता!)

खडकाच्या खळग्यात साचलेलं पावसाचं पाणी हे त्याचं मूळ घर. मादी पोटाचं टोक पाण्याला टेकवून अंडी घालते. अळी पाण्यातच वाढते, डासांच्या अळ्या खाते आणि पंख फुटायची वेळ झाली की भिंतीवर चढून कात टाकते. तोवर पाणी टिकायला हवं. मावळात पाऊस धो धो पडतो, पण दिवाळीनंतर खळगे कोरडे. टाकं टिकतं. लेण्यांनंतर किल्ल्यांवरही टाकी आली; लोहगडावर तर नाना फडणविसांनी 1789 मध्ये बाव बांधवून घेतली. आता आपल्या सिमेंटच्या हौदातही हा चतुर वाढतो.

जुलै 2025 मध्ये लोहगड जागतिक वारशात गेला. गडांवर श्रमदान जोरात आहे, आणि ते हवंच. पण एकाच रविवारी सगळी टाकी उपसून वर ब्लीचिंग पावडर टाकली, तर चतुराच्या अळ्या गाळाबरोबर जातात. डासांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, चतुराला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून एक टाकं यंदा, शेजारचं पुढच्या वर्षी उपसावं. काढलेला गाळ रात्रभर काठावरच राहू द्यावा. त्यातल्या काही अळ्या सरपटत पाण्यात परततात.