वढूच्या बाळांनी दिलेला पुरावा

वढू बुद्रुक म्हटलं की आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते, आणि ते रास्तच आहे. पण या गावाला अलीकडचाही एक इतिहास आहे, आणि तो आपण सहसा सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. पुढे २००२ पासून परिसरातल्या २२ गावांत घरोघर नोंदी सुरू झाल्या. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं, हे पुन्हा पुन्हा जाऊन विचारायचं. कंटाळवाणं काम! आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक वर्गात ‘पुरावा म्हणजे काय’ यावर तासन्‌तास बोलायचो. इथे तो वहीत उतरत होता.

आता रोटाव्हायरसची गोष्ट घेऊ. लहान मुलांना जुलाबांनी कोरडं पाडणारा हा विषाणू. १९८५-८६ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाला त्याचा एक सौम्य प्रकार नवजात बाळांत सापडला. बाळांना संसर्ग होता, पण जुलाब नव्हते. त्यातून लस घडायला पंचवीस वर्षं लागली. २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर शेवटची मोठी चाचणी सुरू झाली. दर तीन बाळांपैकी दोघांना लस, एकाला नुसतेच थेंब. आपल्या बाळाला काय मिळालं, हे आईलाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. तरी आयांनी होकार दिला. आमच्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

२०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले: रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५४ टक्के संरक्षण. एवढं पुरेसं आहे का? ‘आहे’ वरून ‘करावं’ आपोआप निघत नाही, हे ह्यूमने कधीच दाखवून दिलंय. आकडा संशोधक देतो. पुरेसं कशाला म्हणायचं ते कुणीतरी ठरवावं लागतं. आपल्याकडे ते ठरलं, आणि बरोबरच ठरलं.

पण ठरल्यावरही वाट होतीच. २०१६ मध्ये सरकारी लसीकरणात ही लस आली ती चार राज्यांत: आंध्र, हरियाणा, हिमाचल आणि ओडिशा. महाराष्ट्राची पाळी आली २०१९ मध्ये. चाचणीतली पहिली बाळं तोवर दुसरी-तिसरीत गेली होती! ज्या गावाने पुरावा दिला, त्याच्याच पुढच्या बाळांना सरकारी केंद्रात हे थेंब मिळायला एवढा काळ जावा लागला. शहरात पैसे मोजणाऱ्यांना परदेशी लस त्याआधीच मिळत होती, हेही नोंदवून ठेवू.

आज हे थेंब सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात फुकट मिळतात. पण दहाव्या आठवड्यात कुटुंब वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलं, तर पुढचा डोस कुठल्या गावाच्या यादीत शोधायचा?